वाटेला लावलेल्या पेशी

१९५३ साली अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बार हार्बर गावी, जॅक्सन प्रयोगशाळेत, लेरॉय स्टीव्हन्स नावाचा तरुण जीवशास्त्रज्ञ काम करत होता. त्याला मिळालेलं काम तंबाखू कंपनीच्या पैशांवर चालणारं होतं. सिगारेटमधला अपाय तंबाखूतून येतो की तिच्या भोवतीच्या कागदातून, हे उंदरांवर तपासायचं. (उत्तर कागदाकडे बोट दाखवणारं निघालं तर पैसे देणाऱ्यांना आनंद झाला असता, हे कळायला ज्योतिषी नको.) उंदीर बघता बघता ‘१२९’ नावाच्या वाणातला एक नर त्याच्या नजरेत भरला. त्याचं वृषण भलतंच सुजलेलं होतं. कापून पाहिलं तर आत केस, दातांचे तुकडे, स्नायू, हाड असा सगळा खिचडा. त्यातले काही स्नायू आकसतही होते.

सिगारेटचा कागद मागे पडला आणि स्टीव्हन्स त्या गाठीच्या मागे लागला, तो पुढची कित्येक वर्षं. अशा गाठींना वैद्यकात टेराटोमा म्हणतात. शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतला राक्षस आहे. १९६४ मध्ये क्लाइनस्मिथ आणि पिअर्स या दोघांनी अशाच गाठीतली एकेक सुटी पेशी उंदरात सोडून दाखवलं, की एकाच पेशीतून ही सगळी भेळ तयार होऊ शकते. १९७० मध्ये स्टीव्हन्सने आणखी पुढची गोष्ट केली. काही दिवसांचे निरोगी भ्रूण त्याने प्रौढ उंदरांच्या वृषणात ठेवले, आणि तिथेही टेराटोमा वाढले. म्हणजे ती अचाट पेशी रोगाने जन्माला घातलेली नव्हती, ती सुरुवातीच्या भ्रूणातच असते. गर्भाशयात ती नीट उंदीर घडवते. भलत्या जागी पडली तर तीच पेशी तेच दात आणि तेच केस जमतील तसे, जमतील तिथे उगवते.

मराठीत ‘वाटेला लावणं’ आणि ‘वाट लावणं’ यांच्यात जेमतेम एका प्रत्ययाचं अंतर आहे. मूळपेशींचा (स्टेम सेल), म्हणजे अशा वेगवेगळी ऊतकं घडवू शकणाऱ्या पेशींचा, पुढचा सगळा इतिहास त्या अंतरात घडला.

१९८१ च्या जुलैत केंब्रिजच्या मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या भ्रूणातून ही पेशी थेट काढून काचेच्या बशीत वाढवल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या गेल मार्टिन यांनी स्वतंत्रपणे तेच केलं, आणि ‘भ्रूणीय मूळपेशी’ हे नावही रूढ केलं. (नोबेल २००७ साली इव्हान्सना मिळालं.) या पेशी लाडावलेल्या बाळासारख्या असतात. त्यांना खाली उंदराच्या दुसऱ्या पेशींचं अंथरूण लागतं, त्या अंथरुणातल्या पेशी त्यांना दाईसारखं सांभाळतात. दाई असेपर्यंत त्या नुसत्या दुणावत राहतात, मोठं व्हायचं नाव घेत नाहीत. दाई काढून घेतली आणि त्यांना द्रवात तरंगतं सोडलं, की त्यांचे गोळे होतात आणि गोळ्यांत वेगवेगळी ऊतकं उगवायला लागतात. १९८५ मध्ये जर्मनीत अशा गोळ्यांमध्ये हृदयाच्या पेशी चक्क धडधडताना दिसल्या. बशीत कुणाचंही हृदय नाही, शरीरही नाही, आणि तरी पेशींचा एक पुंजका सूक्ष्मदर्शकाखाली ठेका धरून बसलेला.

दृश्य कितीही विलक्षण असलं तरी शास्त्रज्ञाच्या दृष्टीने ती लॉटरीच होती. शेजारच्या गोळ्यात हृदय नसे, रक्त असे. तिसऱ्यात चेतापेशींचे धागे असत. ठरवून एकच गोष्ट करवून घेणं कुणालाच जमत नव्हतं. भ्रूणाला हे कसं कळतं, याचं उत्तर दुसऱ्याच गल्लीतले लोक शोधत होते, आणि त्यांच्या टेबलावर उंदीर नव्हते, बेडूक होते.

या गल्लीचा इतिहास साठ वर्षं जुना होता. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये हान्स श्पेमान यांची विद्यार्थिनी हिल्डे मान्गोल्ड न्यूटच्या, म्हणजे सरड्यासारख्या दिसणाऱ्या एका उभयचराच्या, भ्रूणांवर शस्त्रक्रिया करत असे. फिक्या रंगाच्या जातीच्या भ्रूणातून एका विशिष्ट जागेचा इवलासा तुकडा काढायचा आणि गडद रंगाच्या जातीच्या भ्रूणावर पोटाच्या बाजूला बसवायचा. हत्यारं हाताने बनवलेली, काचेच्या सुया आणि केसाचे फास. प्रतिजैविकं तेव्हा नव्हतीच. बहुतेक भ्रूण मरून जात. जे जगले त्यांनी जीवशास्त्राला धक्का दिला. पोटाच्या जागी दुसरा पाठकणा, दुसरी चेतासंस्था, जवळजवळ दुसरा जीवच वाढला होता, आणि रंगांवरून दिसत होतं की त्याचा मोठा भाग यजमानाच्या स्वतःच्या पेशींनी घडवला होता. तुकड्याने शेजाऱ्यांना काहीतरी सांगितलं होतं आणि शेजाऱ्यांनी ते ऐकलं होतं. निबंध १९२४ मध्ये छापून आला. त्याच वर्षी घरात आगीच्या अपघातात भाजून हिल्डे मान्गोल्ड गेली. वय २५. १९३५ चं नोबेल एकट्या श्पेमान यांना मिळालं.

तो तुकडा नेमकं काय सांगतो? हा शोध मग असा काही भरकटला की आज वाचताना हसू येतं. मेलेला तुकडाही चालतो असं दिसलं. दुसऱ्या प्राण्यांची ऊतकं चालतात असं दिसलं. १९३० च्या दशकातच मेथिलीन ब्लू नावाचा साधा रंगसुद्धा चालतो असं दिसलं. ज्या कुलुपाला कुठलीही किल्ली लागते, त्याची खरी किल्ली शोधायची कशी? बरेच जण कंटाळून दुसऱ्या कामाला लागले.

१९८० च्या दशकात जनुकं वेगळी काढता यायला लागली तेव्हा हे जुनं दार पुन्हा किलकिलं झालं. १९९० च्या सुमारास लंडनचे जिम स्मिथ आणि जपानचे माकोतो आसाशिमा यांचे गट वेगवेगळ्या वाटांनी एकाच प्रथिनापाशी पोचले. त्याचं नाव ॲक्टिव्हिन. हे नाव त्याला आधीच मिळालेलं होतं, कारण अंडाशयातल्या द्रवात ते एक संप्रेरक वाढवणारं म्हणून सापडलं होतं. भ्रूणाशी त्याचा काही संबंध असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. बेडकाच्या भ्रूणाच्या वरच्या टोकाचा, म्हणजे ‘टोपी’चा, कोवळा तुकडा नुसता पाण्यात ठेवला तर तो त्वचा होतो. थोडं ॲक्टिव्हिन घातलं तर स्नायू, जास्त घातलं तर वेगळंच ऊतक. एकच पदार्थ, पण मात्रेप्रमाणे अर्थ बदलणारा. आमटीत मिठाची मात्रा सगळं ठरवते हे स्वयंपाकघरातल्या कुणालाही सांगायला नको, पण पेशीही असंच चाखून ठरवतात हे कळायला १९९० उजाडावं लागलं. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात रिचर्ड हारलँड यांच्याकडे नॉगिन सापडलं. ते काही सांगत नाही, उलट दुसऱ्या संकेतांचं तोंड बंद करतं, आणि त्या शांततेत पेशी आपण होऊन मेंदूच्या दिशेने वळतात.

हार्वर्डमध्ये डग्लस मेल्टन यांची प्रयोगशाळा याच बेडकांच्या कामात बुडालेली होती. १९९१ मध्ये त्यांचा सहा महिन्यांचा मुलगा सॅम आजारी पडला. थरथर, उलट्या, धाप. निदान झालं टाइप १ मधुमेहाचं. या आजारात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते, म्हणजे इन्सुलिन बनवणारा कारखाना बंद पडतो. सहा महिन्यांच्या बाळाला दिवसातून कितीदा टोचायचं, रात्री साखर घसरली तर कळणार कसं, हे ज्या आईबापांनी अनुभवलंय त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. मेल्टन यांनी हळूहळू बेडूक सोडले आणि बीटा पेशी धरली. दहा वर्षांनी, २००१ मध्ये, त्यांची चौदा वर्षांची मुलगी एमा हिलाही तेच निदान झालं.

दरम्यान १९९८ च्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी माणसाच्या भ्रूणातून मूळपेशी काढून वाढवल्या. टेस्ट ट्यूब बेबीच्या केंद्रांत जोडप्यांना नको असलेले, त्यांनी संमतीने दिलेले भ्रूण वापरले होते. चार वर्षं आधी सिंगापूरमध्ये अरिफ बोंगसो यांनी माणसाच्या भ्रूणाच्या याच पेशी वेगळ्या काढल्या होत्या, पण त्या फार दिवस टिकल्या नव्हत्या. थॉमसन यांच्या टिकल्या. त्यांच्या पाच ओळी निघाल्या. ओळ म्हणजे एका भ्रूणापासून सुरू झालेलं, पिढ्यान् पिढ्या वाढत राहणारं पेशींचं घराणं. यातली एच १ आणि एच ९ ही दोन घराणी आजही जगभर वापरात आहेत.

संशोधनासाठी भ्रूण वापरावेत की नाही, यावरून अमेरिकेत मग राजकारण पेटलं, इथे त्याचा एकच धागा धरू. ९ ऑगस्ट २००१ ला अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर केलं की त्या क्षणापर्यंत तयार झालेल्या घराण्यांवरच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळेल, पुढच्या नाही. मग जगभरातल्या पात्र घराण्यांची सरकारी यादी निघाली. तिच्यात एकूण चौसष्ट नोंदी होत्या. त्यांत सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या आणि तीन बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या होत्या. वॉशिंग्टनच्या यादीत आपलं शहर बघून त्या वेळी मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही. प्रत्यक्षात संशोधकांच्या हाती पडू शकली ती वीस-बावीस घराणीच, आणि त्यांत मुंबईची किंवा बंगळूरची एकही नव्हती. (मुंबईत हे काम पुढे दुसरीकडे उभं राहिलं. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत दीपा भारतीया यांच्या गटाने ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’ ही दोन घराणी तयार केली. त्यांच्या अंथरुणाला उंदराच्या पेशी नव्हत्या, तिथेच तयार केलेल्या माणसाच्या पेशी होत्या.)

मेल्टन यांनी सरकारी पैशाचा नाद सोडून खासगी पैशावर वेगळी प्रयोगशाळा मांडली आणि २००४ मध्ये एकदम सतरा नवी घराणी काढून ती मागेल त्या संशोधकाला वाटली.

पेशी हातात आल्या, तरी बीटा पेशी करायच्या कशा? इथे एक फजिती घडली, आणि ती झाकली गेली नाही हे या क्षेत्राचं भाग्य. २००१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेतल्या एका गटाने प्रतिष्ठित नियतकालिकात जाहीर केलं की उंदराच्या मूळपेशींपासून इन्सुलिनवाल्या पेशी तयार झाल्या. रंग लावला की इन्सुलिन दिसत होतं. दोन वर्षांनी मेल्टन यांच्या प्रयोगशाळेतल्या जयराज राजगोपाल यांनी नीट तपासलं तर वेगळीच गोष्ट निघाली. पेशी जगाव्यात म्हणून त्यांना ज्या पोषक द्रवात ठेवतात त्यात इन्सुलिन घातलेलं असतं. पेशींनी, त्यातही मरायला टेकलेल्या पेशींनी, ते शोषून घेतलं होतं. दिसत होतं ते विकत आणलेलं इन्सुलिन. बीटा पेशी इन्सुलिन घडवताना सी-पेप्टाइड नावाचा एक तुकडा कापून बाजूला टाकते. सुताराच्या दुकानात लाकडाचा भुसा असावा तसा. या पेशींपाशी भुसाच नव्हता. तेव्हापासून जो कुणी बीटा पेशी बनवल्याचा दावा करतो त्याला आधी सी-पेप्टाइड दाखवावा लागतो.

यशाची पहिली झलक भलत्याच अवयवात दिसली. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या थॉमस जेसेल यांच्याकडे हिनेक विख्टर्ले यांनी उंदराच्या मूळपेशींना आधी चेतापेशींच्या वाटेवर आणलं, मग रेटिनॉइक आम्ल देऊन पाठकण्याच्या वाटेवर, आणि मग सॉनिक हेजहॉग नावाच्या संकेताने थेट स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींत बदललं. (हो, व्हिडिओ गेममधल्या त्या निळ्या साळिंदरासारख्या प्राण्याचंच नाव, जनुकांची बारशी करणारे तेव्हा तरुण होते.) कोंबडीच्या भ्रूणात बसवल्यावर या पेशींचे धागे बरोबर स्नायूंकडे गेले. गर्भात ज्या क्रमाने, ज्या मात्रेत संकेत येतात त्याच क्रमाने ते बशीत दिले, एवढीच युक्ती.

एवढीच, पण हे समजायला वेळ लागला. तोवर अनेक जणांची कल्पना अशी होती की एखादा जालीम पदार्थ सापडेल, जो घातला की मूळपेशीची एकदम बीटा पेशी होईल. वारीला आळंदीहून निघालेला माणूस थेट पंढरपुरात उतरत नाही. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद असे मुक्काम घ्यावेच लागतात, आणि सासवडचा माणूस लोणंदला कसा पोचला हे जेजुरी वगळून सांगता येत नाही. पेशीचंही तसंच. आधी तिने अंतःस्तर, म्हणजे भ्रूणाचा आतला थर, व्हायचं, मग आतड्याची नळी, मग त्या नळीतला स्वादुपिंडाचा कोंभ, मग संप्रेरकं करणाऱ्यांच्या गटात शिरायचं, आणि तेव्हा कुठे बीटा. प्रत्येक मुक्कामाला वेगळा इशारा लागतो. मागच्या मुक्कामाचा इशारा पुढच्या मुक्कामी नुकसान करू शकतो.

पहिला मुक्काम सर केला तो सॅन दिएगोच्या नोव्होसेल कंपनीने. २००५ मध्ये केविन डी’अमूर, इमॅन्युएल बेट्गे आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मूळपेशींना ॲक्टिव्हिनची भरपूर मात्रा दिली, सोबत रक्तातून काढलेलं सीरम अगदी कमी ठेवलं, आणि बशीतल्या बहुसंख्य पेशी अंतःस्तर झाल्या. बेडकाच्या टोपीवर वापरलेलं तेच जुनं ॲक्टिव्हिन. दुसऱ्या वर्षी ते पाच टप्पे चालून इन्सुलिन करणाऱ्या पेशींपर्यंत पोचले. सी-पेप्टाइड होता खरा. पण या पेशी अर्धवट होत्या. एकाच पेशीत इन्सुलिनही, आणि उलट साखर वाढवणारं ग्लुकागॉनही. साखर वाढली तरी ढिम्म. २००८ मध्ये याच गटाने थोड्या आधीच्या मुक्कामावरच्या पेशी उंदरांत बसवल्या, तर त्या उंदराच्या शरीरात काही महिन्यांनी आपोआप मोठ्या झाल्या. शरीराला शेवटचे मुक्काम माहीत होते. माणसांना अजून माहीत नव्हते.

ते शोधण्यात मेल्टन यांच्या माणसांची पुढची वर्षं गेली. पदार्थ, मात्रा, दिवस यांच्या हजारो जोड्या. इथे प्राण्यांच्या भ्रूणांचं जुनं ज्ञान कसं कामी आलं याचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. १९९८ मध्येच मेल्टन यांच्या गटाने दाखवलं होतं की स्वादुपिंड उगवायचं असेल तर आतड्याच्या नळीतल्या त्या जागी सॉनिक हेजहॉग गप्प व्हावा लागतो. जो संकेत जेसेल यांच्या बशीत चेतापेशी घडवतो, तोच इथे अडचण. म्हणून बीटा पेशींच्या कृतीत मधल्या टप्प्यावर हेजहॉगला अडवणारं रसायन घातलं जातं, आणि सोबत रेटिनॉइक आम्ल, जे चेतापेशींच्या कृतीतही होतंच. दोन पाककृतींत एक मसाला सारखा, दुसरा एकीत घालायचा आणि दुसरीत कटाक्षाने टाळायचा.

२०१४ मध्ये मेल्टन यांच्या प्रयोगशाळेतल्या फेलिशिया पाग्लिउका आणि सहकारी एका रात्री पेशींच्या द्रवात एक रंग घालून बसले. इन्सुलिन असेल तर द्रव निळा व्हायचा. आधी कितीतरी वेळा काहीच झालं नव्हतं. या वेळी फिकट निळसर छटा आली आणि गडद होत गेली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात कृती प्रसिद्ध झाली. सहा टप्पे, सुमारे पस्तीस दिवस, आणि पेशी बशीत नव्हे तर ढवळत राहणाऱ्या फ्लास्कमध्ये, गोळ्यागोळ्यांनी, कोट्यवधींच्या संख्येने. या पेशींना साखर दिली की त्या इन्सुलिन सोडत, साखर काढली की थांबत, पुन्हा दिली की पुन्हा सोडत. उंदरांत बसवल्यावर दोन आठवड्यांतच रक्तात माणसाचं इन्सुलिन मिळालं. कॅनडातल्या टिमोथी कीफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे जवळजवळ तिथेच मजल मारली.

मेल्टन यांनी काढलेल्या कंपनीचं नाव होतं सेमा, म्हणजे सॅम आणि एमा. २०१९ मध्ये व्हर्टेक्स या औषध कंपनीने ती ९५ कोटी डॉलरना विकत घेतली. २०२१ मध्ये पहिल्या माणसाच्या शरीरात या पेशी गेल्या. २०२५ च्या जूनमध्ये निकाल छापून आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा जणांपैकी दहा जण वर्षभरानंतर इन्सुलिनचं इंजेक्शन घेत नव्हते. या आकड्याचा आनंद करताना बाकीचे आकडेही वाचावेत. हे बाराच रुग्ण होते. चाचणीतल्या एकूण चौदांपैकी दोघांचा मृत्यू झाला, त्यातला एक मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाने. परक्या पेशी शरीराने मारू नयेत म्हणून सगळ्यांना रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि संसर्गाचं भय त्या औषधांसोबत येतंच. सहा महिन्यांच्या सॅमला ही अदलाबदल कुणी सुचवली नसती.

म्हणून आपल्याकडे रस्त्यारस्त्यांवर ‘स्टेम सेलने मधुमेह बरा’ असे फलक दिसले तर सावध राहावं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांतलं अस्थिमज्जेचं किंवा तत्सम रोपण सोडलं, तर मूळपेशींचा बाकी सगळा उपचार हा अजून संशोधनच आहे, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

व्हर्टेक्सच्या चाचणीत सगळ्या मुक्कामांनंतर या बीटा पेशी रुग्णाला मिळतात त्या सलाइनसारख्या पिशवीतून, यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत. स्वादुपिंडात त्यांना कुणी पाठवत नाही. तो अवयव नाजूक आहे, टोचला की चिडतो. पेशी यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून राहतात, रक्तातली साखर चाखतात आणि इन्सुलिन सोडतात. २०२२ मध्ये मेल्टन यांनी हार्वर्ड सोडून व्हर्टेक्समध्ये काम सुरू केलं. आता पुढची खटपट आहे ती या पेशींना रोगप्रतिकारशक्तीच्या नजरेतून लपवायची.